पहिला टाका विटेचा

कापडावर सुईदोऱ्याने पांडुरंगाची मूर्ती भरावयास घेणे हे भक्तीचे काम मानावे की नुसता हौसेचा उद्योग, हा प्रश्न आमच्या माळकरी मंडळींत, विशेषतः आयाबहिणींत, वरचेवर निघतो. चातुर्मास जवळ आला की अधिकच निघतो. कारण काहीतरी नेम धरावा असे वाटण्याचे ते दिवस असतात. कोणी म्हणते, नामाला द्यायचा वेळ सुईला दिला तर चालेल का? कोणी म्हणते, देवाच्या अंगात सुई टोचायची म्हणजे हात धजत नाही. आणि बहुतेकींच्या मनात असते, पण ओठावर येत नाही, ती शंका निराळीच : "घ्यायला घेऊ हो, पण अर्धेच राहिले तर? देवाचे काम अर्धे टाकल्याचा दोष लागायचा!" या भीतीने किती जणी कापड आणून ते ट्रंकेत घडी घालून ठेवतात, त्याची मोजदाद नाही.

प्रश्न दिसावयास लहान आहे, पण त्याच्या पाठीमागे मोठा प्रश्न उभा आहे. देवाच्या नावाने एखादे काम आरंभिले म्हणजे आपण नेमके काय कबूल करतो? काम पुरे करण्याचे कबूल करतो, की आणखी काही? त्याचा थोडा विचार आज आपण सारे मिळून करू.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. फुलीचा टाका म्हणजे कापडाच्या एका बारीक चौकटीत एकावर एक घातलेले दोन तिरपे टाके. एक असा, एक तसा, झाली फुली. आपल्याकडे मॅटीच्या कापडावर ‘सुस्वागतम्’ आणि राघूमैना भरून काचेच्या चौकटीत लावण्याची चाल होती, ती पुष्कळांनी पाहिली असेल. तिकडे धारवाड भागात कसुती म्हणून जे भरतकाम चालते, तेही कापडाचे दोरे मोजून करतात. त्यात देवळाची गोपुरे, रथ, पालखी आणि तुळशीवृंदावन भरतात. त्यांच्या चार टाक्यांपैकी एक फुलीचाच आहे. मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून त्याला मेंथी म्हणतात. पंढरीच्या वाटेवर कानडी आणि मराठी भाविक एकत्र चालतात, हे आम्हांस नवे नाही. तेव्हा ही कला आपल्या अंगणाबाहेरची आहे असे कोणी समजू नये.

आता पहिली शंका. आपला पंथ नामाचा. मग चित्रात गुंतावे कशाला? याचे उत्तर शोधावयास आपण थोडे पूर्वेकडे जाऊ. आसामात श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) या थोर महापुरुषांनी नामाचाच धर्म सांगितला. तेथील नामघरात मूर्तीऐवजी पवित्र ग्रंथ आसनावर ठेवून कीर्तन करण्याची रीत आहे. आपल्याहूनही नामाला अधिक घट्ट धरून बसलेली ती मंडळी. पण त्याच शंकरदेवांनी बारपेट्याच्या विणकरांकडून श्रीकृष्णाच्या वृंदावनलीला रेशमी वस्त्रावर विणवून घेतल्या. तेच ते प्रसिद्ध वृंदावनी वस्त्र. त्या परंपरेतल्या वस्त्रांचे तुकडे आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्याने मूर्तीवाचून कीर्तन उभे केले, त्याला धाग्यातली लीला वर्ज्य वाटली नाही. कारण उघड आहे. नाम आणि रूप यांचे भांडण आपण लावतो. संतांनी लावले नाही. हातात सुई असताना तोंड मोकळेच असते. जात्यावर बसलेल्या जनाबाईचे नाम दळणाने अडले नाही, मग चार टाक्यांनी आपले कसे अडेल? अडत असेल तर दोष सुईचा नव्हे. सुई नसती तरी ते अडलेच असते.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. हे भरलेले चित्र म्हणजे प्रतिष्ठापना केलेली मूर्ती नव्हे. तिला स्नान नको, नैवेद्य नको, सोवळेओवळे नको. स्वच्छ धुतलेले हात पुरेत, तेही कापड मळू नये म्हणून. चित्र हे आठवणीसाठी आहे. तरी ज्याची आठवण ठेवायची, त्याचे रूप पायपुसण्यावर किंवा बसायच्या उशीवर भरू नये. पुढे कापड जीर्ण झाले तर स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावे. यापलीकडे धाक बाळगण्याचे कारण नाही.

दुसरी शंका सुई टोचण्याची. ही शंका आम्हांस फार गोड वाटते, कारण ती प्रेमातून येते. पण अहो, आई आपल्या तान्ह्याचे कान टोचते ती काय वैरीण म्हणून? पाथरवट दगडावर छिन्नी चालवतो तेव्हाच मूर्ती होते. आणि वारकऱ्याने सुईला भ्यावे हे तर नवलच! ज्यांच्या नावाची पायरी पंढरीच्या महाद्वारात आहे, ज्या पायरीवर पाय पडू नये म्हणून आपण जपून चालतो, ते नामदेवराय शिंप्याच्या घरचे. सुई, दोरा, कातर, गज ही त्यांच्या घरची आयुधे. म्हणून हे काम केवळ बायकांचे असेही कोणी म्हणू नये. पुरुषाने सुई हाती घेतली तर त्याचे काही उणे होत नाही. नामदेवरायांचे झाले नाही.

आता आरंभाच्या गोष्टी सांगतो. देव कोणताही घ्या, पण नवख्याने पांडुरंग घ्यावा असे आमचे सांगणे. यात भक्तीचा पक्षपात आहे हे खरे, पण व्यवहारही आहे. फुलीच्या टाक्यात गोलाई येत नाही. चौकटी पायऱ्यांसारख्या चढतात, आणि गोलाई पाहणाऱ्याचा डोळा दुरून करून घेतो. वाकलेली मान, वळलेली कंबर, मुरलीवरची नाजूक बोटे हे सारे नवख्याला जड जाते. विठोबा कसा उभा आहे पाहा : दोन्ही पाय सारखे, अंग सरळ, हात कमरेवर, कोपरे दोन्हीकडे सारखी. डावी बाजू मोजली की उजवीचा अंदाज आपोआप येतो. चौकटीत सहज बसावा असाच तो उभा आहे. कानांतली मत्स्याकृती कुंडले तेवढी जरा त्रास देतात. ती सावकाश घ्यावी.

नमुना हल्ली मोबाईलवर कोणत्याही छायाचित्राचा करून मिळतो. तसा केलेला नमुना पुष्कळदा साठसत्तर रंगांचा निघतो आणि नवखा माणूस पहिल्या आठवड्यातच हात टेकतो. त्यापेक्षा दहाबारा रंगांचा साधा नमुना बरा. समजा, तो ९० घरे रुंद आणि १४४ घरे उंच आहे. इंचाला १४ घरांचे कापड घेतले, तर चित्र सुमारे साडेसहा इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच होते. चौकटीत बसवावयास चारी बाजूंस तीन-तीन इंच सोडावे. म्हणजे सुमारे साडेबारा इंच बाय सव्वासोळा इंच कापड लागले. कडा उसवू नयेत म्हणून आधी शिवून घ्याव्या. दोरा सहापदरी असतो, त्यातले दोनच पदर घ्यावे. लांबी हातभर, म्हणजे अठरा इंचांच्या आसपास. लोभाने लांब दोरा घेतला की गुंता होतो आणि दोरा विसविशीत होतो. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. दोऱ्याला गाठ मारू नये. शेपूट मागे धरून पहिल्या चारपाच टाक्यांखाली दाबून टाकावे. आणि सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेचा पडू द्यावा. नाहीतर उजेड कुठे कसा, कुठे कसा पडतो, आणि सावळे अंग डागाळल्यासारखे दिसते.

त्या सावळ्या अंगाविषयी एक गोष्ट. काळा दोरा दिवसाउजेडी भरावा. दिव्याखाली डोळ्यांना फार शीण होतो. शिवाय अंग नुसत्या काळ्याने भरले तर मूर्ती सपाट दिसते. निळसर काळा, राखी, धुरकट अशा छटा मिसळल्या तरच नाक, गाल, छाती उठून येते. एक वेगळी तऱ्हाही आहे. कापडच काळे घ्यावे, मांडीवर पांढरे फडके अंथरावे म्हणजे भोके दिसतात, आणि पीतांबर, तुळशीहार, कुंडले, कपाळीचा टिळा एवढेच भरावे. अंग भरूच नये. मग जेथे एकही टाका नाही तेथेच देव उभा दिसतो! सगुण आणि निर्गुण यांच्यावर मोठमोठी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत, पण हे हातभर कापड तीच गोष्ट फार सोपी करून सांगते.

आता हिशेब पाहू. ९० गुणिले १४४ म्हणजे १२,९६० घरे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार चांद्रमास, म्हणजे अधिक मास मध्ये न आल्यास सुमारे ११८ दिवस. रोज एक माळ, १०८ टाके, असा नेम धरला तर १२,७४४ टाके होतात. उरले २१६, म्हणजे दोनच दिवसांचे काम. पार्श्वभूमी मोकळी सोडली तर कार्तिकीच्या पुष्कळ आधीच चित्र पुरे होईल. म्हणजे ज्याला आपण डोंगर समजत होतो, तो रोजच्या तासाभराच्या कामाचा निघाला. नेम ठरवण्यापुरता हा हिशेब चांगला. पण त्याच्या आहारी जाऊ नये. माळ ओढणाऱ्याचे लक्ष मण्यांच्या संख्येकडे गेले की नाम बाजूला राहते, हा अनुभव सर्वांचा आहे. कोणा दिवशी चाळीसच टाके झाले तर दुसऱ्या दिवशी १७६ घालून देवाचे कर्ज फेडल्याचा आव आणू नये. देवाने आपल्याकडे वही ठेवलेली नाही.

येथवर तयारी झाली. आता पहिला टाका कोठे घालावा? भरतकाम शिकवणाऱ्या बाया सांगतात, कापडाची उभी-आडवी घडी घालून मध्य काढावा आणि तेथून आरंभ करावा, म्हणजे चित्र एका कडेला जात नाही. हे शास्त्र बरोबर आहे. मध्य काढावाच. दर दहा घरांवर वेगळ्या रंगाचा धावदोराही घालून घ्यावा, म्हणजे मोजणी चुकत नाही. काम झाले की तो ओढून काढता येतो. पण मध्य काढल्यावर तेथून खाली ७२ घरे मोजावी, नमुन्याच्या तळाशी जावे, आणि पहिला टाका विटेचा घालावा, असे आम्ही सुचवतो.

का? विटेचा रंग सोपा, आकार सोपा, हात बसायला बरा, हे एक कारण. पण खरे कारण पुंडलिकाचे. ती वीट तेथे कशी आली हे वारकऱ्यांच्या पोरासोरांसही ठाऊक आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने सेवा सोडली नाही. हाताशी होती ती वीट मागे फेकली आणि देवाला म्हणाला, थांब जरा. देव थांबला. आजही थांबलेलाच आहे. आपण जे चित्र भरावयास घेतो, ते थांबलेल्या देवाचे चित्र आहे. वीट हे त्या थांबण्याचे चिन्ह.

आता मघाची न बोललेली शंका पुन्हा समोर आणा. अर्धे राहिले तर? सुई हातात आहे, रंग जमून आला आहे, आणि आतून सासूबाईंनी पाणी मागितले. किंवा पोर तापाने फणफणले. किंवा शेजारच्या घरात मयत झाले. अशा वेळी "देवाचे काम चालले आहे, थांबा" असे जो म्हणतो, त्याच्या समोर कापड आहे, पण विठोबा नाही. कारण ज्याचे रूप तो भरतो आहे त्या देवाने नेमके याच्या उलटे केले. सेवा चालली होती म्हणून तो स्वतः थांबला. सुई खाली ठेवून उठणारी माउली तो नेम मोडत नाही. तो नेम पुरा करते. चार महिन्यांचे चार वर्षे झाले तरी चालेल. अर्ध्या चित्रात तिने फक्त वीट आणि दोन पावले भरली असतील, तरी तेवढ्यात सारी पंढरी आली.

कोणी विचारील, मग काम टाकून देण्याला ही सबब होणार नाही का? होईल, ज्याला सबब हवी आहे त्याला. आळसाने अर्धे राहणे आणि सेवेने अर्धे राहणे दुरून सारखेच दिसते. कापडाकडे पाहून कोणी सांगू शकणार नाही. पण ज्याचे त्याला कळते. आळसाने ठेवलेल्या कापडाकडे पाहावेसे वाटत नाही. आपण ते झाकून ठेवतो. सेवेसाठी ठेवलेले कापड पुन्हा हाती घेताना आनंद होतो. दुसऱ्याची परीक्षा यावरून करू नये, आपली करावी. आणि भावाच्या आजारासाठी किंवा पोराच्या नोकरीसाठी "एवढे पुरे करीन" असा नवस तर या कामावर कधीच बोलू नये. नवसाने बांधलेले काम धाकाचे होते, आणि धाकाने घातलेला टाका आवळलेला पडतो.

चुकीचा टाका उसवावा की नाही, हाही एक प्रश्न आहे. देवाचे रूप उसवणे बरे नव्हे असे काही म्हणतात, आणि काही तर "देव समजून घेईल" म्हणून चूक तशीच पुढे नेतात. एका घराची चूक पुढे दहा ओळींत दिसते. कुंडल खांद्यावर येते. येथे नरहरी सोनारांची गोष्ट आठवावी. महिपतीबुवांनी भक्तविजयात (१७६२) ती सांगितली आहे. विठ्ठलाचा करगोटा करावयाचा, पण विठ्ठलाकडे पाहावयाचे नाही असा त्यांचा पण. माप आणवून घडवला तो एकदा आखूड झाला, एकदा सैल. शेवटी डोळे बांधून ते स्वतः देवळात गेले. चाचपले तर शिव, डोळे उघडले तर विठोबा. तेव्हा हरिहर एक असल्याचे त्यांना कळले. गोष्टीचा मोठा अर्थ तो आहेच. पण लहान अर्थ कारागिरासाठी आहे. माप चुकले तेव्हा त्यांनी "चालेल" म्हटले नाही. पुन्हा पुन्हा दुरुस्त केले. त्या दुरुस्तीनेच ते गाभाऱ्यात पोचले. दिसलेली चूक उसवावी. न दिसलेली देवावर सोपवावी.

राहता राहिला अभिमान. चित्र पुरे झाले की ते भिंतीवर लागते, आणि पाहुण्यापुढे "बारा हजार टाके हो!" असे तोंडून निघते. निघाले तर निघू द्यावे, माणूस आहे. पण चौकटीत घालण्यापूर्वी कापड एकदा उलटे करून पाहावे. पुढे विठोबा आहे, मागे नुसते दोरे, उड्या, दाबलेली शेपटे. आपला संसार आपल्याला त्या मागच्या बाजूनेच दिसतो. तेवढे पाहिले की बोलणे आपोआप बेताचे होते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांना स्वतः भरणे जमत नाही ते दुसरीकडून मजुरीने भरून घेतात. त्यात वावगे नाही. पण "देवाचे काम आहे, कमी घ्या" असे म्हणून गरीब बाईच्या डोळ्यांची आणि बोटांची किंमत पाडणे, हे मात्र देवाच्या नावाने केलेले अपहरण आहे. तिच्या १२,९६० टाक्यांचे पुरते दाम आधी द्यावे, मग चित्रासमोर हात जोडावे.

तेव्हा ज्यांनी कापड ट्रंकेत ठेवले आहे त्यांनी ते काढावे. घडी घालावी, मध्य काढावा, खाली मोजत जावे आणि विटेचा एक टाका घालावा. उठताना सुई चित्राच्या जागी न टोचता कडेला टोचावी, म्हणजे गंजाचा डाग पडत नाही. रिंगही काढून ठेवावी, म्हणजे वळ उठत नाही. हाक आली तर लगेच उठावे. मागे राहिलेल्या कापडाची काळजी करू नये. तेथे जो उभा आहे, त्याला थांबण्याची सवय आहे.

रामकृष्णहरि.